रद्द कलमाचा माग

प्रिय,

तुझ्या प्रबंधाचा आराखडा दोनदा वाचला. 'भारतातील इंटरनेटचे नियमन' हा विषय नव्हे, ते लायब्ररीतलं अख्खं कपाट आहे. एकच कलम धर आणि ते जाईल तिथं त्याच्या मागोमाग जा.

माझं ऐकशील तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ घे, म्हणजे ऑनलाइन 'आक्षेपार्ह' मजकूर पाठवणं गुन्हा ठरवणारं कलम. मेलेलं कलम कशाला, असं म्हणशील. तेच तर! नोव्हेंबर २०१२मध्ये मुंबईतल्या बंदबद्दलच्या फेसबुक पोस्टवरून पालघरच्या दोन मुलींना अटक झाली. एकीनं लिहिलं होतं, दुसरीनं लाइक केलं होतं. २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हे कलम घटनाबाह्य ठरवलं. बहुतेक प्रबंध इथं थांबतात. तू इथून सुरू कर, कारण गुन्हे दाखल होतच राहिले. २०२१मध्ये प्रकरण पुन्हा न्यायालयात आलं तेव्हा अ‍ॅटर्नी जनरलनी, म्हणजे केंद्र सरकारच्या मुख्य कायदा अधिकाऱ्यांनी, सांगितलं की कायद्याच्या पुस्तकात कलम अजून छापलेलंच असतं, रद्द झाल्याची नोंद फक्त तळटीपेत. ठाणे अंमलदार तळटीप कशाला वाचतोय! खंडपीठावर होते न्या. नरिमन, म्हणजे २०१५चा निकाल लिहिणारेच.

निकालपत्रं इंग्रजीत असतात, सगळेच वाचतात. आपल्याकडची फिर्याद मराठीत असते. ते तुझं भांडवल. २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयानं संवेदनशील गुन्हे वगळून एफआयआर, म्हणजे फिर्यादीची पोलिसांतली पहिली नोंद, २४ तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकायला सांगितलं. म्हणजे तिथं ६६अ दिसलं, तर बहुधा ते रद्द झाल्यानंतरचं. मात्र घटनेची तारीखही बघ. जुन्या घटनेचा गुन्हा उशिरा नोंदलेला असू शकतो.

माहिती अधिकारात 'सर्व माहिती द्यावी' असं लिहू नकोस. मी लिहिलं होतं. माहिती जमवण्यात यंत्रणेवर अवाजवी ताण पडतो, असं कलम ७(९) दाखवून दोन ओळींत बोळवण झाली. पोलीस ठाणेवार, वर्षवार आकडे माग.

आणि आरोपींची नावं प्रबंधात नकोत, कागद सार्वजनिक असला तरी. खटला संपतो, पण नाव शोधलं की बातमी पुन्हा वर येते.

पुढच्या भेटीला नवा आराखडा आणू नकोस. पाच फिर्यादी वाचून ये.

तुझा,
सर