पहिलं ट्रान्सफॉर्मेशन करतोयस? हे वाच
अरे, ई. कोलाय या जिवाणूमध्ये प्लास्मिड (डीएनएचं छोटं गोल कडं) घालायचंय ना, म्हणजेच ट्रान्सफॉर्मेशन, मग आधी बर्फाची सोय कर, कॉम्पिटंट सेल्स (बाहेरचा डीएनए आत घ्यायला तयार केलेल्या जिवाणूपेशी) फार नाजूक असतात, ट्यूब बोटांत धरून गप्पा मारत बसू नकोस. हीट शॉक (प्लास्मिड आत जावं म्हणून पेशींना उष्णतेचा धक्का) ४२ डिग्रीला साधारण ४५ सेकंद, घड्याळ लावून, की लगेच परत बर्फात. आणि प्लास्मिड न घातलेल्या पेशींची कंट्रोल प्लेट (तुलनेसाठीची, तिच्यावर काहीच वाढायला नको) ठेवच! माझ्या पहिल्या वेळी कंट्रोलवरही कॉलनीज (जिवाणूंचे ठिपके) आल्या, तेव्हा कळलं की कढत आगारमध्ये (जिवाणू वाढवायच्या जेलीत) ओतल्यामुळे अँपिसिलिनच, म्हणजे प्लास्मिड नसलेल्या पेशींना वाढू न देणारं अँटिबायोटिक, निकामी झालं होतं, ५० डिग्रीपर्यंत निवू दे मगच घाल. मोठ्या कॉलनीभोवती बारीक ठिपके दिसले तर उचलू नकोस, मोठीने आसपासचं अँपिसिलिन संपवलेलं असतं म्हणून ते वाढतात, त्यांच्यात बहुतेक प्लास्मिड नसतंच.