आधी कलेचा इतिहास वाचावा की आधी चित्रं बघावीत?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. चित्रांमधलं काही कळत नसेल तर सुरुवात कुठून करावी, आधी इतिहास वाचावा की आधी चित्रं बघावीत, आणि जगाने डोक्यावर घेतलेलं चित्र आपल्याला आवडलं नाही तर दोष आपल्या नजरेचा का. मी या विषयातली जाणकार नाही, अजून शिकतेच आहे. पण अगदी सुरुवातीला काय अडतं ते मला ताजं आठवतं, म्हणून उत्तर देते आहे.

आधी चित्र बघा. एकच बघा, आणि भरपूर वेळ बघा.

इतिहासापासून सुरुवात केली की डोक्यात कलाशैलींच्या नावांची रांग लागते. गॉथिक, रेनेसाँ, बरोक, रोकोको, इम्प्रेशनिझम, क्युबिझम. मग कुठलंही चित्र समोर आलं की ते कुठल्या खणात बसतं एवढंच आपण शोधतो, आणि खण सापडला की पुढच्या चित्राकडे वळतो. चित्र बघायचं राहूनच जातं.

उदाहरण म्हणून पीटर ब्रॉयगेल या फ्लेमिश चित्रकाराचं १५६५ सालचं 'बर्फातले शिकारी' घ्या. ते व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस संग्रहालयात आहे आणि त्याची मोठी करून बघता येईल अशी प्रत इंटरनेटवर सहज मिळते. टेकडीवरून खाली निघालेले तीन पाठमोरे शिकारी, त्यांच्यामागे कुत्री, खाली गोठलेली तळी, त्यावर खेळणारी माणसं आणि लांबवर टोकदार डोंगर. छान हिवाळा आहे, असं म्हणून पुढे जावंसं वाटतं. जाऊ नका. शिकाऱ्यांकडे नीट बघा. इतकी पायपीट करून तिघांच्या हाती मिळून एक कोल्हा लागलाय. कुत्री माना खाली घालून चालली आहेत. डावीकडच्या सराईची पाटी एका कडीतून निसटून तिरपी लोंबते आहे आणि तिच्याखाली माणसं जाळाभोवती कामात आहेत. आता झाडांचे बुंधे बघा. पुढचा मोठा, मग त्याहून लहान, मग आणखी लहान, आणि त्यांच्या मागोमाग आपली नजर उतारावरून घसरत दरीत जाते. तिथे बर्फावर पोरं भोवरे फिरवताहेत, काही जण काठ्यांनी चेंडू मारताहेत, पुलावरून एक बाई लाकडाची मोळी घेऊन चालली आहे. अगदी लांब एका घराच्या धुराड्याने पेट घेतलाय आणि लोक ती आग विझवायला धावले आहेत. आभाळाचा आणि बर्फाचा रंग एकच आहे, हिरवट करडा. चित्र बघताना अंगाला जो गारठा जाणवतो, तो बराचसा या रंगातून येतो.

इतकं बघून झालं की प्रश्न आपोआप पडायला लागतात, आणि इतिहास वाचायची खरी वेळ तेव्हा येते. ब्रॉयगेलच्या सपाट मुलखात (आजच्या बेल्जियम-नेदरलँड्सच्या भागात) असले डोंगर नाहीत, मग ते आले कुठून? तो १५५०च्या दशकात आल्प्स ओलांडून इटलीला जाऊन आला होता. इतकी थंडी का रंगवली? १५६४-६५चा हिवाळा युरोपात फार कडक होता. देव नाही, संत नाही, राजा नाही, असं मोठं चित्र कोणी करून घेतलं? अँटवर्पच्या निकोलास योंगेलिंक नावाच्या श्रीमंत व्यापाऱ्याने. वर्षभराच्या ऋतूंची एक मालिका त्याने आपल्या घरासाठी करवून घेतली होती, तिच्यातली पाच चित्रं आज उरली आहेत. त्याआधी महिन्यांची अशी चित्रं श्रीमंतांच्या प्रार्थनापुस्तकांत छोट्याशा पानांवर असायची. ब्रॉयगेलने तोच विषय भिंतीवर आणला. ही सगळी माहिती मला आधी मिळाली असती तर चार दिवसांत विसरले असते. आपल्याला पडलेल्या प्रश्नाचं उत्तर म्हणून मिळाली, म्हणून ती टिकली.

या अनुभवातून मला एक गोष्ट पक्की पटली आहे. नवख्या माणसाने 'या चित्राचा अर्थ काय' हा प्रश्न सुरुवातीला बाजूला ठेवावा. त्याऐवजी हे कोणासाठी केलं, कुठे लावायचं होतं आणि कशाने रंगवलं, हे विचारावं. हे प्रश्न साधे आहेत, त्यांची उत्तरं बऱ्याचदा सापडतात आणि अर्थाकडे जायची वाट तिथूनच निघते.

जागेचंच बघा. इटालियन चित्रकार कॅराव्हाज्जोचं 'संत मॅथ्यूला बोलावणं' (येशू मॅथ्यू या करवसुली करणाऱ्याला आपला शिष्य व्हायला बोलावतो, तो प्रसंग) हे चित्र १५९९-१६०० मध्ये रोमच्या सान लुइजी देई फ्रांचेझी या चर्चमधल्या एका छोट्या प्रार्थनाकक्षासाठी केलेलं आहे आणि आजही तिथेच आहे. अंधाऱ्या खोलीत टेबलाभोवती पैसे मोजत बसलेली माणसं आहेत, उजवीकडून येशू आत येतो आणि त्याच्या डोक्यावरून प्रकाशाची तिरीप भिंतीवर पडते. पुस्तकात छापलेलं बघताना हा नाट्यमय प्रकाश चित्रकाराची कल्पना वाटतो. पण हे चित्र कक्षाच्या डाव्या भिंतीवर आहे, आणि वेदीच्या वरची खरी खिडकी त्याच्या उजव्या बाजूला येते. म्हणजे चित्रातला उजेड आणि खोलीतला उजेड एकाच दिशेने येतात. हे कळल्यावर मी चित्राकडे पुन्हा वळले, तेव्हा तो प्रसंग याच खोलीत घडतोय असं वाटायला लागलं. गंमत म्हणजे त्या टेबलावरचा मॅथ्यू नेमका कोण, दाढीवाला की मान खाली घालून नाणी मोजणारा तरुण, यावर अभ्यासकांचंही एकमत नाही. तेव्हा आपल्याला एखादी गोष्ट स्पष्ट होत नसेल तर लगेच स्वतःला कमी लेखू नका.

रंगांची गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते. अल्ट्रामरीन हा गडद निळा रंग लॅपिस लाझुली या दगडाची भुकटी करून काढत आणि तो दगड अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून युरोपात जाई. साहजिकच तो अतोनात महाग होता. फ्लॉरेन्सच्या गिरलांदायो या चित्रकाराशी १४८५ साली एका वेदीचित्राचा (चर्चच्या वेदीवर लावायच्या चित्राचा) करार झाला, त्यात निळा रंग औंसाला सुमारे चार फ्लोरिन (तिथलं सोन्याचं नाणं) किमतीचाच वापरायचा, अशी अट लिहिलेली आहे. मग त्या काळातल्या चित्रांतल्या मेरीच्या, म्हणजे येशूच्या आईच्या, निळ्या वस्त्राकडे आपण वेगळ्या नजरेने बघतो. भक्ती तिथे आहेच, आणि पैसे देणाऱ्याने किती खर्च केला हेही त्या निळ्यात सगळ्यांना दिसत होतं. १८२०च्या दशकात फ्रान्समध्ये हा रंग कृत्रिमरीत्या बनवता आला आणि तो स्वस्त झाला. १८४१ मध्ये जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने धातूच्या ट्यूबचं पेटंट घेतलं, तेव्हापासून तैलरंग खिशात घालून बाहेर नेणं सोपं झालं. इम्प्रेशनिस्ट चित्रकार उघड्यावर उभे राहून रंगवायला लागले, त्यामागे या ट्यूबचाही हात आहे. 'वाद' आणि 'शैली' यांच्या व्याख्या पाठ करण्यापेक्षा मला हा रस्ता कितीतरी जिवंत वाटतो.

एकटा कलावंत, त्याची प्रतिभा, त्याची सही, ही कल्पनाही सगळीकडे लागू पडत नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातल्या 'अकबरनामा'च्या चित्रांखाली लाल शाईत नोंदी आहेत. अमक्याने रेखाटन केलं, तमक्याने रंग भरले. अकबर हवाई नावाच्या हत्तीवर बसून दुसऱ्या हत्तीचा पाठलाग करतोय आणि होड्यांचा पूल त्या भाराखाली मोडतोय, ते प्रसिद्ध चित्र बघा. रेखाटन बसावनचं, रंगकाम चेतरचं. शिवाय तिथे एकाच बिंदूवरून बघायचा नियम नाही. नदी वरून दिसते, माणसं समोरून. यथार्थदर्शन (पर्स्पेक्टिव्ह) साधलं नाही म्हणून तसं झालं, असं समजणं साफ चूक आहे. या चित्रकारांना आख्खा प्रसंग एकाच वेळी दाखवायचा होता.

चित्रं काळाबरोबर बदलतात हेही लक्षात ठेवा. व्हॅन गॉगच्या 'शयनगृह' या १८८८च्या चित्रातल्या भिंती आज निळ्या दिसतात, पण भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने त्या फिकट जांभळ्या असल्याचं सांगितलंय. जांभळ्यातला लाल उडून गेला.

आणि इतिहाससुद्धा बदलतो. यूडिथ लेस्टर ही सतराव्या शतकातली डच चित्रकार जिवंतपणी नावाजलेली होती. मृत्यूनंतर तिचं नाव पुसलं गेलं आणि तिची चित्रं फ्रान्स हाल्स या तिच्याच काळातल्या प्रसिद्ध डच चित्रकाराच्या नावावर जमा झाली. १८९३ मध्ये एका अभ्यासकाला हाल्सच्या म्हणून नावाजलेल्या चित्रावर तिची खूण सापडली. आद्याक्षरं आणि शेजारी एक तारा. तोवर त्या चित्राला वाखाणणाऱ्या मोठमोठ्या जाणकारांना चित्र आवडत होतं, पण ते कोणाचं आहे हे ठाऊक नव्हतं. मला या गोष्टीचा मनापासून राग येतो. शिवाय तिच्यामुळे एक सवय लागली. कुठल्याही 'महान' यादीत कोण नाही, हेही मी आता बघते.

वाचायचं कसं, तर एखादा जाडजूड ग्रंथ पहिल्या पानापासून धरू नका. जे चित्र बघितलंत त्याच्याबद्दल वाचा, मग त्याच चित्रकाराची आधीची आणि नंतरची चित्रं बघा, मग त्याने कोणाकडून घेतलं ते शोधा. शक्य असेल तेव्हा मूळ चित्र गाठा, कारण आकार आणि रंगाचा थर पडद्यावर कळत नाही. स्पॅनिश चित्रकार वेलास्केझचं 'लास मेनिनास' तीन मीटरहून उंच आहे. फोनवर त्यातला मागच्या भिंतीवरचा आरसा नखाएवढा होतो.

राहिला तुमचा तिसरा प्रश्न. प्रसिद्ध चित्र आवडलंच पाहिजे असं काही नाही. रुबेन्सची मोठाली, माणसांनी खचाखच भरलेली चित्रं मला अजूनही भिडत नाहीत. त्याचं कसब दिसतं, जीव मात्र रमत नाही. पण 'आवडत नाही' म्हणण्याआधी चित्रकाराला एक संधी द्यावी, एवढं मी पाळते. डच चित्रकार माँद्रियानच्या काळ्या रेघा आणि लाल-पिवळ्या-निळ्या चौकोनांशी माझं काही नातं जुळत नव्हतं. मग त्याने रंगवलेली झाडं सालानुसार बघितली. १९०८-१०चं लाल झाड, १९११चं करडं झाड, १९१२चं फुललेलं सफरचंदाचं झाड. पहिल्यात ओळखीचं झाड आहे, दुसऱ्यात फांद्यांचं जाळं उरलंय, तिसऱ्यात नुसत्या कमानींची लय. एक माणूस दर वेळी काहीतरी काढून टाकत पुढे चाललाय आणि काय ठेवायचं याचा फार कसून विचार करतोय, हे डोळ्यांना दिसतं. त्यानंतर ते चौकोन मला रिकामे वाटले नाहीत. तुम्हीही ही तीन झाडं याच क्रमाने बघा. त्यानंतरही माँद्रियान आवडला नाही, तर खुशाल बाजूला ठेवा आणि दुसरा चित्रकार घ्या.