गॅसची छिद्रे मोठी करण्याआधी बंदूक उघडून पाहा

प्रश्न असा आहे: "माझी गॅसवर चालणारी बारा बोअरची सेमी-ऑटो शॉटगन 32 ग्रॅम छर्ऱ्यांच्या काडतुसांवर व्यवस्थित चालते, पण क्ले टार्गेटसाठीच्या (हवेत उडणाऱ्या तबकड्यांवरच्या नेमबाजीच्या) 24 ग्रॅमच्या हलक्या काडतुसांवर दर पाच-सहा बारांमागे अडकते. क्लबमधील अनुभवी मंडळी नळीतील गॅसची छिद्रे मोठी करून घ्यायला सांगतात. करून घ्यावीत का?"

नाही, करून घेऊ नयेत. एवढ्यावर हे उत्तर संपले असते, पण "अनुभवी मंडळी" हे शब्द वाचले आणि मला राहवले नाही. आमच्या घरात ही मंडळी एकाच व्यक्तीच्या रूपाने वावरतात. ते माझे थोरले काका असून आम्ही सगळे त्यांना बापू म्हणतो. सेमी-ऑटो हलक्या काडतुसांवर का अडकते, या विषयावर त्यांचा आणि माझा वाद 2012 पासून चालू आहे.

आमचे कुळागर, म्हणजे बागायत, गोव्यात साखळी शहराच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी आहे. माडा-पोफळींचे आणि केळींचे माकडांपासून व रानडुकरांपासून रक्षण करण्यासाठी आजोबांच्या काळापासून घरात एक बंदूक आहे. ती बेल्जियममध्ये बनलेली ब्राउनिंग ऑटो-5 असून पोर्तुगीज अमदानीत घेतलेली आहे. आज तिचा परवाना बापूंच्या नावावर आहे आणि रिटेनर म्हणून, म्हणजे त्यांच्या वतीने ती बाळगू शकणारा म्हणून, त्यावर माझेही नाव आहे. जॉन ब्राउनिंग यांनी 1900 साली पेटंट घेतलेली ही रचना गॅसवर चालत नाही. बार उडाला की नळी आणि तिचे मागचे तोंड बंद करणारा बोल्ट एकमेकांत अडकलेल्या स्थितीत काडतुसाच्या लांबीपेक्षाही जास्त मागे सरकतात, मग नळी एकटी पुढे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते आणि त्यानंतर बोल्ट पुढचे काडतूस घेऊन बंद होतो. तुमची बंदूक गॅसची आहे, म्हणजे जळत्या दारूचा थोडा गॅस नळीतील छिद्रांतून येऊन पिस्टनला आणि त्याच्याबरोबर बोल्टला मागे ढकलतो, हे मला ठाऊक आहे आणि तिच्याकडे मी येणार आहे, पण दुखणे दोघींचे एकच आहे. बंदुकीचे चक्र पूर्ण व्हायला जेवढी ताकद लागते तेवढी हलके काडतूस जेमतेमच देते आणि त्यातली थोडी जरी वाटेत कुठे खर्च झाली, तरी चक्र अर्धवट राहते. ती कुठे खर्च होते हे शोधायचे सोडून जास्त ताकद ओढून घ्यायला निघणे, हे माझ्या मते आळशी माणसाचे काम आहे.

2012 च्या मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली. आचारसंहितेच्या काळात परवान्याच्या बंदुका जमा कराव्या लागतात, त्याप्रमाणे बापूंनी ती न पुसता, घोंगडीत गुंडाळून जमा केली आणि परत आल्यावर तशीच कपाटात ठेवली. पुढे पावसाळा गेला. सप्टेंबरमध्ये राज्यातील खाणी थांबल्या. त्यातल्याच एका खाणीच्या वर्कशॉपमध्ये मी हायड्रॉलिकच्या कामावर फिटर होतो, त्यामुळे मीही घरी बसलो. नेमक्या त्या दिवसांत माकडांनी केळींचा फडशा पाडायला सुरुवात केली आणि पणजीच्या दुकानात आमच्या नेहमीच्या जड काडतुसांऐवजी फक्त नेमबाजीची 24 ग्रॅमची काडतुसे शिल्लक होती. आवाजाने माकडे पांगवायला तेवढी पुरेशी आहेत, असे म्हणून बापू पंचवीस काडतुसांची एक पेटी घेऊन आले.

पहिल्या सकाळी डोंगराच्या उताराकडे चार बार काढले, त्यांपैकी तीन वेळा बंदूक अडकली. प्रत्येक वेळी पुंगळी बोल्टच्या जबड्यात उभी अडकलेली असे आणि ती बोटांनी उपटून काढेपर्यंत माकडे दुसऱ्या घडाकडे वळलेली असत. बापूंनी तत्काळ निदान केले की बंदुकीला तेल नाही. त्यांनी नळीखालचे लाकूड उतरवले, शिलाई मशीनच्या तेलाची बाटली आणली आणि मॅगझिनच्या, म्हणजे काडतुसे साठवणाऱ्या, ट्यूबवर ते सढळ हाताने ओतले. दुसऱ्या सकाळी पाच बारांपैकी दोनच अडकले. "बघितलेस?" एवढेच ते म्हणाले आणि त्यांच्या दृष्टीने विषय संपला.

लाकूड उतरलेले असतानाच मी आतले पाहून घेतले होते. या बंदुकीत मॅगझिनच्या ट्यूबभोवती एक लांब स्प्रिंग असते. तिच्या पुढच्या टोकाशी पितळेसारख्या धातूचा एक चिरलेला घर्षण-तुकडा असतो, जो नळी मागे येताना ट्यूबला आवळतो आणि धक्का खातो. त्याच्या जोडीला पोलादाची एक कडी असते, जिची एक बाजू आतून उतरती असते. जड काडतुसांसाठी ही कडी स्प्रिंग आणि घर्षण-तुकडा यांच्यामध्ये बसवतात, म्हणजे ती तुकड्याला अधिक जोराने आवळायला लावते. हलक्या काडतुसांसाठी तीच कडी काढून स्प्रिंगच्या मागच्या टोकाला, रिसीव्हरला (बंदुकीच्या मधल्या सांगाड्याला) टेकवून ठेवतात, म्हणजे ती कामातून बाद होते. आमची कडी आजोबांच्या वेळेपासून पुढेच होती. ज्या ब्रेकवर 36 ग्रॅमचे काडतूस पेलले जात होते, तोच ब्रेक पूर्ण दाबून धरलेला ठेवून आम्ही 24 ग्रॅमच्या काडतुसाकडून नळी मागे ढकलण्याची अपेक्षा करत होतो.

कडी हलवायची म्हणताच बापूंनी नकार दिला. त्यांच्या नकाराला कारण होते, हे मान्य केले पाहिजे. नळीखालच्या लाकडाला एक जुना तडा आहे, लाखेने भरलेला, वरून तांब्याची बारीक तार गुंडाळलेली. कोणे एके काळी आजोबांनी कडी हलक्यावर ठेवली, ती तशीच विसरून रानडुकरासाठीची जड काडतुसे चालवली आणि लाकूड फुटले. बापूंनी ते लहानपणी डोळ्यांदेखत पाहिले होते आणि तेव्हापासून "कडीला हात लावायचा नाही" हा घरातला नियम झाला. नियम कशासाठी झाला ते मात्र त्यांनी कोणालाच सांगितले नव्हते, मी आग्रह धरल्यावर प्रथमच सांगितले.

शेवटी कपाटातल्या पेटीत बंदुकीबरोबर आलेला फ्रेंच भाषेतला कागद सापडला. मला फ्रेंच येत नाही, पण आकृतीत कडीच्या दोन्ही जागा स्वच्छ दाखवलेल्या होत्या. बापू पोर्तुगीज काळातल्या लिसेंवमध्ये, म्हणजे हायस्कुलात, शिकलेले असल्याने त्यांनी तो चष्मा लावून सावकाश वाचला आणि आकृतीबद्दल अवाक्षर न काढता खालच्या एका ओळीवर बोट ठेवले, कारण त्या ओळीत हलक्या काडतुसांसाठी ट्यूबला तेलाचा पातळ हात द्यावा, असे लिहिलेले होते. म्हणजे तेलाबाबत ते अगदीच चुकलेले नव्हते, एवढे मी इथे कबूल करतो. पातळ हात आणि अर्धी बाटली यांतला फरक मात्र त्यांनी आजवर कबूल केलेला नाही.

मी कडी मागे बसवली. पुढच्या दोन सकाळी मिळून दहा बार काढले आणि एकही अडकला नाही. त्यावर बापूंचे म्हणणे असे पडले की तेल आता मुरले. फिटर म्हणून माझी चूकही याच ठिकाणी झाली. मी ट्यूब कोरडी पुसून, फक्त कडी बदललेल्या स्थितीत पुन्हा बार काढायला हवे होते, कारण एका वेळी एकच गोष्ट बदलल्याशिवाय दोष कुठे होता ते सिद्ध होत नाही. ते सुचेपर्यंत बापूंनी उरलेली सहा काडतुसे कुलपात ठेवली होती.

आता तुमच्या बंदुकीबद्दल. 32 ग्रॅमच्या तुलनेत 24 ग्रॅमच्या काडतुसात छर्ऱ्यांचे वजन पाव हिश्श्याने कमी असते आणि कारखानदार वेग थोडा वाढवून ती तूट काही प्रमाणातच भरून काढतात. पेटीवर ग्रॅमइतकाच वेगाचा आकडाही वाचावा, कारण 24 ग्रॅमची दोन काडतुसे बंदुकीच्या दृष्टीने एकसारखी असतीलच असे नाही. पुंगळीचे बूडही पाहावे, कारण स्वस्त पोलादी बुडाच्या पुंगळ्या पितळी बुडाच्या पुंगळ्यांपेक्षा चेंबरमध्ये (नळीतल्या काडतूस बसण्याच्या जागेत) अधिक चिकटतात आणि चेंबर खडबडीत असेल तर हा त्रास दुप्पट होतो. आमच्या बंदुकीच्या चेंबरमध्येही त्या घोंगडीच्या कृपेने तांबूस थर धरला होता, तो मी पहिल्याच दिवशी पितळी ब्रशने काढला होता.

छिद्रे मोठी करण्याला माझा विरोध एवढ्याचसाठी आहे की धातू काढला की तो परत घालता येत नाही. 24 ग्रॅमसाठी मोठी केलेली छिद्रे 32 ग्रॅमच्या वेळी जास्तीचा गॅस आत घेतात, बोल्ट रिसीव्हरच्या मागच्या भिंतीवर आदळत राहतो आणि आमचे लाकूड फुटले तसे तुमचे काहीतरी महागाचे फुटते. त्याऐवजी आहेत ती छिद्रे मोकळी आहेत का ते पाहा. पिस्टनवर, सिलिंडरच्या आत आणि छिद्रांच्या तोंडाशी कार्बनचा असा कडक थर बसतो की तो नुसत्या फडक्याने निघत नाही. तो सॉल्व्हंटमध्ये रात्रभर भिजवावा लागतो. पिस्टनचा भाग नंतर जवळजवळ कोरडा ठेवावा, कारण तिथले तेल जळून पुन्हा कार्बनच होतो. बापूंचे तेलाचे शास्त्र त्यांच्या बंदुकीतल्या एका ट्यूबपुरते बरोबर आहे, गॅसच्या बंदुकीत ते चालत नाही.

रेमिंग्टन 1100 सारख्या काही बंदुकांत गॅस रोखण्यासाठी रबराची ओ-रिंग असते. ती चिरली किंवा कडक झाली की हलकी काडतुसे सर्वांत आधी तक्रार करतात, आणि नवी रिंग फार महाग नसते. बंदुकीची नळी 76 मिलिमीटर लांबीच्या जड मॅग्नम काडतुसांसाठीची असेल, तर तिची छिद्रे मुळातच लहान ठेवलेली असू शकतात. तसे असेल तर 70 मिलिमीटरची दुसरी नळी घेणे हाच सरळ मार्ग आहे. बहुधा तुमच्या "अनुभवी मंडळीं"पैकी कोणाची तरी नळी अशीच होती आणि त्याचा इलाज त्यांनी सर्वांना लागू केला.

ज्या जागेकडे जवळजवळ कोणीच पाहत नाही ती म्हणजे दस्त्याच्या आतली नळकांडी. अनेक बंदुकांत बोल्टला पुढे ढकलणारी स्प्रिंग दस्त्याच्या आत असते आणि वरून ओतलेले सगळे तेल वर्षानुवर्षे तिथेच जाऊन बसते. आमच्या बंदुकीचा दस्ता मी पुढच्या उन्हाळ्यात उतरवला तेव्हा त्या नळकांडीतून काकवीसारखा काळा चिकट गाळ निघाला आणि त्याला शिलाई मशीनच्या तेलाचा वास येत होता. कोकणपट्टीच्या दमट हवेत त्या गाळाखाली गंजही धरतो. ती जागा धुऊन, पूर्ण वाळवून, तेलाचा जेमतेम एक हात देऊन बंद करावी.

दोष नक्की कुठे आहे ते ठरवण्यासाठी मॅगझिन रिकामे ठेवून चेंबरमध्ये एकच काडतूस भरा आणि बार काढा. बोल्ट मागे जाऊन उघडाच थांबला तर तो पुरेसा मागे जात आहे आणि दोष काडतूस वर उचलण्याच्या भागात असावा. थांबला नाही तर ताकद कमी पडते आहे. पुंगळ्या कुठे पडतात तेही पाहा, जड काडतुसांच्या पुंगळ्या दूर आणि हलक्यांच्या पायाशी पडत असतील तर निदान झालेच. बंदूक नवी असेल तर यांतले काहीही न करता आधी शे-दोनशे जड काडतुसे चालवा.

आणि 24 ग्रॅमच का, हाही प्रश्न स्वतःला विचारा. ट्रॅप आणि स्कीट या तबकड्यांच्या नेमबाजीच्या प्रकारांच्या आंतरराष्ट्रीय नियमांत छर्ऱ्यांचे वजन 24.5 ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. तुम्ही त्या स्पर्धांत उतरत नसाल तर 28 ग्रॅम वापरून सगळा प्रश्न सोडून देता येतो.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. इथे पुसण्याच्या आणि सुटे भाग उतरवून बसवण्याच्या पलीकडचे कोणतेही काम परवानाधारक दुरुस्तकाराकडूनच करून घ्यावे. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 नुसार बंदुकीची दुरुस्ती आणि फेरफार यांनाही परवाना लागतो, त्यामुळे शेजारच्या लेथवाल्याकडे नळी घेऊन जाऊ नका. दुसरी गोष्ट, कोणाकडे आमच्यासारखी जुनी युरोपीय बंदूक असेल तर नळीवर कोरलेला चेंबरच्या लांबीचा आकडा आधी वाचावा. तिथे 65 असेल तर आजची 70 मिलिमीटरची काडतुसे त्यात बसली तरी चालवू नयेत, कारण उघडणाऱ्या पुंगळीच्या तोंडाला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. आमच्या नळीवर 70 कोरलेले आहे, तेही मी पहिला बार काढल्यानंतर वाचले.

आमची कडी सध्या मागे, म्हणजे हलक्यावर आहे. घोड्याभोवतीच्या कमानीला मी पुठ्ठ्याची एक चिठ्ठी बांधून तीवर "हलकी" असे लिहिले होते. गेल्या महिन्यात पाहिले तर बापूंनी तिच्या मागच्या बाजूला "तेल घातलेले आहे" असे लिहून ठेवले आहे.