सगळे बिझी, तरी रिलीज काही होत नाही

प्रश्न: ताई, हिंजवडीत आमची सहा जणांची सॉफ्टवेअर टीम आहे. मॅनेजर कुठलंसं ट्रेनिंग करून आलाय आणि तेव्हापासून रोज लीन लीन चाललंय, म्हणजे काय तर एक टेस्टर कमी केला आणि बोर्डावर तीन कॉलम वाढवले. कामं लेट होतात ती होतातच. लीन म्हणजे माणसं कमी करणं का? – एक वाचक, पुणे

उत्तर: नाही हो, लीन म्हणजे वाया जाणारं कमी करणं, आणि त्यात आधी कमी करायचं ते पडून राहिलेलं काम. लीनचं मूळ टोयोटात, तिथले इंजिनिअर ताइइची ओनो यांनी जे ७ अपव्यय सांगितले त्यात पडून असलेला माल होता, आणि मेरी व टॉम पॉपेन्डीक या लेखक जोडीनं २००३ मध्ये तेच सॉफ्टवेअरला लावलं तेव्हा मालाच्या जागी अर्धवट काम आलं. कारखान्यात निदान ढीग पायात तरी येतो, आपला ढीग ब्रँचमध्ये, म्हणजे कोडच्या बाजूला ठेवलेल्या प्रतीत लपलेला, ना भाडं ना धूळ, मग टोचणार कुणाला.

गेल्या महिन्यातलं एखादं तिकीट, म्हणजे बोर्डावरचं एक काम, घ्या आणि ते कुठे किती वेळ थांबलं ते लिहून काढा. मी आमच्या एकाचं लिहिलं होतं, फॉर्ममध्ये पिनकोड सहा आकडी आहे का बघायचं, एवढंच काम. कोड दीड तास, मग रिव्ह्यूला, म्हणजे दुसऱ्यानं कोड तपासायला, कुणी हात लावेना म्हणून तीन दिवस, रिव्ह्यू वीस मिनिटं, टेस्टिंगच्या रांगेत पाच दिवस, टेस्ट अर्धा तास, आणि रिलीज गुरुवारीच म्हणून अजून चार दिवस! बारा दिवसांत काम झालं जेमतेम अडीच तास. आता डेव्हलपरच्या मागे लागून काय मिळणार? तुमच्याकडे तर टेस्टर काढून ती रांगच वाढवली.

हिशोब सोपा आहे, चालू कामं भागिले संपण्याचा वेग, लिटल्स लॉ म्हणतात त्याला. २४ तिकिटं चालू आणि आठवड्याला ४ संपतात, तर हातात घेतलेलं तिकीट सरासरी ६ आठवड्यांनी बाहेर पडतं. चालू ८ च ठेवा, संपण्याचा वेग तोच धरला तरी २ आठवडे. बाकीची बॅकलॉगमध्ये, म्हणजे अजून हातात न घेतलेल्या कामांच्या यादीत थांबतात हे खरं, पण तिथे ती रद्द तरी करता येतात, अर्धा कोड लिहून झाल्यावर कुणाचं मन होत नाही.

चालू तिकिटांची ही मर्यादा भरली की नवीन घ्यायचं नाही, उठून टेस्टिंगला हात लावायचा. "मी टेस्टर नाही" हे ऐकावं लागेल, आम्हीही ऐकलं, पहिल्यांदा तर माझ्याच तोंडून.

मॅनेजरपुढे लीनवर वाद घालत बसू नका, तिकिटाचा तो कागद समोर ठेवा आणि टेस्टर परत मागा.