बलाढ्य देशाने दुसऱ्या देशात ढवळाढवळ केली, तर त्याला जाब विचारता येतो का?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की अमळनेरला वादविवाद स्पर्धा आहे, विषय 'बलाढ्य राष्ट्रांना नैतिक जबाबदारी नसते', तुम्ही विरोधी बाजूला आहात आणि पुरावे काय द्यावेत ते कळत नाही.

जाब विचारता येतो. फक्त 'अमेरिकेने जगाचं वाटोळं केलं' असं मोघम बोलू नका. एक घटना धरा आणि आधी ठरवा: त्या देशाने स्वतःचं सैन्य घुसवलं, तिथल्या बंडखोरांना पैसा-हत्यारं दिली, की तिथल्या हुकूमशहाला पोसलं? दोष तिन्हींत आहे, पण पुरावा प्रत्येकाला वेगळा लागतो. बहुतेकांची गल्लत इथेच होते.

निकाराग्वाचा खटला नीट वाचून जा. या चिमुकल्या देशाने 1984 मध्ये अमेरिकेला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं. 27 जून 1986 ला निकाल लागला: बंदरांत सुरुंग पेरणं बेकायदा, निकाराग्वा सरकारविरुद्ध लढणाऱ्या 'काँट्रा' बंडखोरांना शस्त्रं, पैसा आणि प्रशिक्षण देणंही बेकायदा, भरपाई द्या. मात्र काँट्रांनी केलेला प्रत्येक खून न्यायालयाने अमेरिकेच्या खात्यावर मांडला नाही, कारण त्या त्या कारवाईवर अमेरिकेचं प्रत्यक्ष नियंत्रण होतं असं सिद्ध झालं नाही. हा फरक सांगितला नाही, तर समोरचा तुम्हाला तिथेच पकडेल.

पुढे 'निकाल पाळा' असा ठराव सुरक्षा परिषदेत आला, तेव्हा अमेरिकेने नकाराधिकार वापरून तो अडवला. 1991 मध्ये निकाराग्वाच्या नव्या सरकारने दावा मागे घेतला आणि भरपाई राहून गेली. 'मग निकालाचा उपयोग काय?' असं विचारतील. सैन्य घुसवल्याबद्दल कांगोने युगांडावर भरलेल्या खटल्यात 2005 साली न्यायालयाने याच निकालाचा आधार घेतला. 2022 मध्ये 32.5 कोटी डॉलर भरपाई ठरली आणि युगांडाने पहिला हप्ता भरलाही. युगांडाकडे नकाराधिकार नाही, म्हणून त्याला भरावे लागले. हे मला फार सलतं, आणि तुम्ही ते व्यासपीठावर ठणकावून सांगावं.

सगळ्यात भक्कम उदाहरण केनियाचं. माऊ माऊ उठावाच्या, म्हणजे 1950 च्या दशकातल्या ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या बंडाच्या काळात ब्रिटिशांनी हजारो लोकांना छावण्यांत डांबून छळलं. 1957 मध्ये केनियातल्या ब्रिटिश सरकारच्या ॲटर्नी जनरलने (मुख्य कायदा अधिकाऱ्याने) गव्हर्नरला लिहिलं होतं की पाप करायचंच असेल तर गुपचूप करावं लागेल. म्हणजे हे पाप आहे याची जाणीव होती. स्वातंत्र्याच्या वेळी कागद इंग्लंडला नेले आणि हॅन्सलोप पार्क या सरकारी ठिकाणी दडवून ठेवले. म्हाताऱ्या पीडितांनी लंडनच्या कोर्टात दावा लावला, तेव्हा 2011 मध्ये ते बाहेर आले: केनियाच्या सुमारे 1,500 फायली. जून 2013 मध्ये सरकारने 5,228 जणांसाठी खर्चासह 1 कोटी 99 लाख पौंड कबूल केले. खेद व्यक्त केला, कायदेशीर जबाबदारी मात्र नाकारली. खेद आणि जबाबदारी या दोन शब्दांतलं अंतर श्रोत्यांना नक्की दाखवा.

हुकूमशहाला पोसल्याचा दोष सिद्ध करणं सर्वांत अवघड. आफ्रिकेतल्या चाड देशाचा माजी हुकूमशहा हिसेन हाब्रे याला 2016 मध्ये सेनेगलमधल्या डाकारच्या विशेष न्यायालयाने जन्मठेप दिली, त्यात त्याच्याच गुप्त पोलिसांची कागदपत्रं कामी आली. त्याच्या पाठीशी उभी राहिलेली अमेरिका आणि फ्रान्स आरोपीच्या पिंजऱ्यात आलीच नाहीत. म्हणून इथे विचारायचं ते हे: मदत दिली तेव्हा छळाची माहिती होती का, आणि कळल्यावर मदत थांबवली का?

'त्यांनीपण तेच केलं' असं म्हणून विषय फिरवतील. तेव्हा 1954 चा ग्वाटेमाला (अमेरिकेने तिथलं सरकार उलथवलं) आणि 1956 चा हंगेरी (सोव्हिएत सैन्याने तिथला उठाव चिरडला) एकाच दमात घ्या, आणि आपलंही झाकू नका. युद्धगुन्ह्यांसाठी व्यक्तींवर खटले चालवणाऱ्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचं (हे वरच्या न्यायालयाहून वेगळं) सदस्यत्व अमेरिका, रशिया, चीन यांच्याप्रमाणे भारताकडेही नाही.

तयारीसाठी एका कागदावर चार रकाने आखा: हुकूम कोणाचा, माहिती कोणाला होती, पैसा-हत्यारं कोणाची, नंतर चौकशी कोणी केली. पहिल्यांदा त्यात 9 सप्टेंबर 1942 चा नंदुरबारचा पोलीस गोळीबार भरून बघा. शिरीषकुमार आणि त्याच्या चार सोबत्यांची नावं तुम्हाला पाठ असतील. हुकुमाच्या रकान्यात काय लिहिता येतं ते शोधायला लागा, म्हणजे बाकीच्या देशांचे कागद कसे शोधायचे ते हाताला येईल.