पोटात असताना मी रडले, म्हणून बाळ बोलत नाही का?

हा प्रश्न गेल्या काही वर्षांत मला इतक्या आयांनी विचारलाय की एकदा नीट लिहावंच म्हटलं. कुणी गर्भसंस्कार म्हणतं, कुणी "डीएनएवर शिक्के बसतात म्हणे", पण आतली भीती एकच, की नऊ महिन्यांत माझ्याकडून काहीतरी चुकलं आणि आता लेकराला ते आयुष्यभर भोगावं लागणार. त्यातली एक गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, तिला आपण मीनल म्हणू.

मीनल आली तेव्हा मुलगा पावणेतीन वर्षांचा होता. जेमतेम दहा-बारा शब्द, दोन शब्द जोडून तर अजिबात नाही. ती पाच महिन्यांची गरोदर असताना तिचे वडील अचानक गेले, त्यानंतर कित्येक आठवडे धड झोप नाही, जेवण नाही. सासूबाई मनाने वाईट नाहीत पण बोलून गेल्या, "पोटुशी बाईनं एवढं रडू नये, बाळापर्यंत जातं." आणि मग एका रात्री तिने मोबाईलवर वाचलं की जन्मावेळी नाळ तपासली तर मूल पुढे किती हुशार होणार ते कळतं. झालं, तिच्या मनात निकाल लागला. मला म्हणाली, "ताई, नाळ तर तेव्हाच टाकून दिली असेल, पण त्यात जे लिहिलं होतं ते तर खरंच असणार ना?"

मी आधी तिला वडिलांबद्दल विचारलं. अर्धा तास ती त्यांच्याबद्दलच बोलत होती, ते रविवारी मटण स्वतः करायचे, हिला अजून "छकुली" म्हणायचे, असं सगळं. तीन वर्षांत त्यांच्यासाठी मोकळेपणी रडायलाच मिळालं नव्हतं, कारण रडलं की बाळाला त्रास. हे मला फार लागलं. बाप गेल्यावर रडणं हा गुन्हा नाही हो, आणि गरोदर बाईला तसं वाटायला लावणं मला अजिबात पटत नाही.

मग त्या संशोधनाकडे वळलो. तिने वाचलं ते अगदीच खोटं नव्हतं. २०१५ साली इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या संशोधकांनी नाळेच्या तुकड्यांमधल्या एचईएस-१ या जीनवरच्या मिथाइलच्या खुणा बघितल्या आणि तीच मुलं चार आणि सात वर्षांची झाल्यावरच्या चाचण्यांशी त्यांचा संबंध सापडला. मिथाइलची खूण म्हणजे काय तर जीन तोच राहतो, फक्त तो किती जोरात चालवायचा ते बदलतं, पंख्याच्या रेग्युलेटरसारखं. पण हा संबंध काहीशे मुलं एकत्र धरली तर दिसणारा, एका मुलाकडे बोट दाखवून याचं असं होणार हे त्यातून सांगता येत नाही. आणि २०२२ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या हजारो मुलांची माहिती एकत्र केली तेव्हा जन्मावेळच्या खुणा आणि पुढची बुद्धी यांच्यातला पुरावा फारच तुटपुंजा निघाला. म्हणजे ही कुंडली नाही.

तिला नेदरलँड्सच्या दुष्काळाचं पण सांगितलं. १९४४-४५ चा हिवाळा, युद्धामुळे अन्न बंद, माणशी दिवसाला हजार कॅलरीसुद्धा मिळेनात. त्या काळात गर्भ राहिलेल्या मुलांच्या रक्तात साठ वर्षांनी सुद्धा आयजीएफ-२ या जीनवर मिथाइल कमी सापडलं, खूण टिकली होती. पण तीच पिढी एकोणीस वर्षांची होऊन सैन्यभरतीला आली तेव्हा लाखाच्या वर तरुणांच्या बुद्धिचाचण्या तपासल्या आणि गर्भात उपास घडलेल्यांत फरक दिसला नाही. साठीच्या आसपास लक्ष एकाग्र करण्याच्या एका चाचणीत मात्र थोडे मागे पडले, हेही मी तिच्यापासून लपवलं नाही, कारण अर्धवट धीर दिला की आई घरी जाऊन उरलेलं स्वतः शोधते आणि मग कुणावरच विश्वास ठेवत नाही.

आणि मग मी साधा प्रश्न विचारला, कान तपासले का? नव्हते तपासले. का, तर कारण आधीच सापडलंय असं तिला वाटत होतं!! जन्मल्यावर कानाची टेस्ट नॉर्मल होती म्हणून कुणी परत बघितलंच नाही. मी विचारत गेले तसं एकेक निघालं, पोराला सतत सर्दी, टीव्ही मोठ्याने लागतो, मागून हाक मारली की वळत नाही, "हट्टी आहे" म्हणून सोडून दिलेलं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवलं, दोन्ही पडद्यांमागे पाणी साचलेलं. तीन महिने वाट बघितली, गेलं नाही, मग छोट्या नळ्या बसवल्या, आणि सोबत स्पीच थेरपी. ज्यांना खाजगी परवडत नाही त्यांनी सरकारी दवाखान्यात किंवा अंगणवाडीत जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राबद्दल विचारा, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ही तपासणी मोफत असते.

नळ्यांनंतर दोनेक महिन्यांनी तो मिक्सरच्या आवाजाला दचकायला लागला. मीनलने हे फोनवर सांगितलं तेव्हा ती रडत होती, आणि ह्यावेळी तिने सॉरी म्हटलं नाही.

दुसऱ्या बाळाचा विचार चाललाय, तर आता काय करू असं तिने विचारलं. इथे मात्र ह्या विषयाचा खरा उपयोग आहे. पुण्याच्या केईएममध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या टीमने १९९३ पासून जवळच्या गावांतल्या आया-मुलांचा अभ्यास केलाय, गरोदरपणात ज्यांचं बी-१२ कमी होतं त्यांची मुलं नऊ वर्षांची झाल्यावर लक्ष आणि तात्पुरत्या स्मरणशक्तीच्या काही चाचण्यांत थोडी मागे होती. शरीराला मिथाइल बनवायला बी-१२ आणि फोलेट दोन्ही लागतात, आणि बी-१२ तर भाजी-भाकरीतून जवळजवळ मिळतच नाही, दूध, अंडी, मासे, मटण यातून मिळतं. माहेरी रविवारी मटण, सासरी पूर्ण शाकाहारी, त्यातून चहापुरतं दूध. म्हटलं, डॉक्टरांना विचारून तपासून घे, दिवस राहण्याआधीच.

कमी निघालं, औषध सुरू झालं. रिपोर्ट आणायला सासूबाई सोबत गेल्या होत्या, पायाला मुंग्या येतात म्हणून त्यांनी पण रक्त दिलं, आणि त्यांचं तर मीनलपेक्षा कमी आलं. आता दोघी सकाळी एकत्र गोळी घेतात.