वाचकांचे प्रश्न : मॉडेल इंजिन कॉम्प्रेशन धरत नाही

प्रश्न : लेथवर २० मिमी बोअरचं (सिलिंडरचा आतला व्यास) एक सिलिंडरचं फोर-स्ट्रोक पेट्रोल इंजिन बनवलं आहे. सिलिंडर बिडाचा, व्हॉल्व्ह स्टेनलेसचे, सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती कडा) आणि गाइड (व्हॉल्व्हची दांडी सरकते ती नळी) ब्राँझचे. फ्लायव्हील हाताने फिरवलं तर कुठेच अडत नाही, म्हणजे कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाणं) होतच नाही. ट्रॅक्टरच्या व्हॉल्व्हची घासायची पेस्ट लावून व्हॉल्व्ह सीटवर तीनदा घासले, फरक नाही. पिस्टनची रिंग बदलू का?
– एक वाचक, दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : रिंगला अजून हात लावू नका आणि घासणंही थांबवा. आधी हवा कुठून जाते ते पाहा. थंड इंजिनात टॅपेट (व्हॉल्व्हला ढकलणारा भाग) आणि व्हॉल्व्हची दांडी यांत ०.१ मिमी फट हवीच. ती नसेल तर व्हॉल्व्ह बसत नाही. मग प्लगच्या भोकातून चार-पाच थेंब तेल टाकून दोन-तीन फेरे द्या. आता अडायला लागलं तर दोष रिंगचा, नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेडखालच्या गॅस्केटचा. तेल जास्त टाकलंत तर पिस्टनवरची जागाच भरते आणि कॉम्प्रेशन खोटं वाढतं.

आमचा संशय व्हॉल्व्हवर आहे. हेड काढा, स्प्रिंग काढा, व्हॉल्व्ह जागेवर ठेवा. गाइडमधून हवा शिरू नये म्हणून दांडीभोवती ग्रीस लावा. त्या व्हॉल्व्हच्या पोर्टला (हवा ये-जा करण्याच्या तोंडाला) रबरी नळी घट्ट बसवून तिला १० मिलीची इंजेक्शनची सिरिंज जोडा. दट्ट्या ओढून दहा सेकंद धरा आणि सोडा. झटकन मूळ जागी परतला तर व्हॉल्व्ह पक्का. ओढला तिथेच थांबला तर हवा आत शिरली.

गळत असेल तर व्हॉल्व्हच्या तिरप्या कडेला मार्कर पेनची शाई लावा, वाळू द्या, सीटवर हलकेच पाव फेरा फिरवा. शाई सगळीकडून सारखी निघायला हवी. एकाच बाजूची निघाली, तर सीट गाइडच्या मध्यात नाही. ही चूक पेस्टने सुटत नाही. उलट सीट रुंद होते, व्हॉल्व्हला खाच पडते. शिवाय ट्रॅक्टरची जाड पेस्ट मऊ ब्राँझमध्ये रुतून बसते आणि पुढे व्हॉल्व्हच खात राहते.

उपाय म्हणजे सीट नव्याने कापणं. सिल्व्हर स्टीलचा (हत्यारांचं पोलाद, त्यात चांदी नसते) ४५ अंशाचा कटर बनवा. त्याचा पायलट (पुढची गुळगुळीत दांडी) गाइडमध्ये अजिबात न डुगडुगता बसला पाहिजे. दात विषम संख्येत ठेवा, नाहीतर सीटवर लाटा उठतात. कटर बोटांनीच फिरवा, ड्रिल मशीनवर नको. सीट ०.३ मिमी रुंद पुरे. अरुंद सीटवर स्प्रिंगचा दाब एकवटतो. नवा व्हॉल्व्ह करणार असाल तर दांडी आणि तिरपी कड लेथवर एकाच पकडीत कापा.

शेवटी ब्रासोसारख्या पॉलिशने पंधरा-वीस सेकंद, मागे-पुढे, मधूनमधून उचलून. तेवढ्यात करड्या रंगाची अखंड बारीक कडी दिसली पाहिजे. पेट्रोलने धुवा, पण पुसायला कापसाचा बोळा घेऊ नका. कपाशीच्या मुलखात तो सहज हाताशी येतो, आणि त्याचा एक तंतू सीटवर अडकला तरी कॉम्प्रेशन गेलंच.

प्रश्न : थंड असताना कॉम्प्रेशन चांगलं, दहा मिनिटं चाललं की जातं.
– एक वाचक, आर्वी, जि. वर्धा

उत्तर : आधी एक्झॉस्टची टॅपेट फट तपासा. तापल्यावर व्हॉल्व्हची दांडी लांबते, फट संपते आणि व्हॉल्व्ह उघडा राहतो. फट ठीक असेल तर दांडी गाइडमध्ये अडकत असावी. काजळी काढा, ०.०३ मिमी ढिलाई ठेवा.